तीन शेरांची नाल

आकाराम पैलवानाला रक्त बघवत नव्हतं, आणि शिकत होता डॉक्टरकी. आता बोला!

महाराजांनी खासबागेचं कुस्तीमैदान बांधलं, त्या सुमाराची ही गोष्ट. मुंबईची परीक्षा देऊन आकाराम कोल्हापूरच्या दवाखान्यात उमेदवारीला आला. बरोबर त्याचा दोस्त, कुरुंदवाडचा इलाही तांबोळी. हा इतका किडकिडीत, की फुंकर मारली तर उडून जाईल. दोघांना बघून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, की दांडगा आकाराम कापाकापी करणार आणि मऊ बोलणारा इलाही पुड्या बांधणार. पहिलंच गळू कापायची वेळ आली. इलाहीनं गुणगुणत सुरी चालवली, आणि आकाराम चारी मुंड्या चीत! त्याला उचलायला अख्खा वॉर्ड गोळा झाला.

शेवटी वैतागून त्याला बाळंतिणींकडं धाडलं. तिथल्या डॉक्टरीण एस्तेरबाई कडक. पण नवल घडलं! रक्त तिथंही होतंच की. पण बाळानं पहिला टाहो फोडला, की आकारामला एवढा आनंद व्हायचा की चक्कर यायला सवडच मिळायची नाही. येडाच तो! बाळापेक्षा त्याचंच तोंड जास्त उघडं. एस्तेरबाईंनी त्याचे ते सुपाएवढे हात बघितले, त्या हातांचा हळुवारपणा बघितला, आणि म्हणाल्या, "शनिवारी काय ते सांग. माझ्या हाताखाली कायम राहतोस, की सुरीकडं जातोस? आणि घरी विचारून ये. मागनं तुझ्या वडलांची तालीम माझ्या दारात नको."

इथंच घोडं अडलं. वडील म्हणजे सयाजी वस्ताद. आकाराम जन्मला तो पायाळू, आधी पाय, मग डोकं. पायाळूनं पाठीत लाथ घातली की उसण जाते, असं आपल्याकडं मानतात. त्यामुळं लहानपणापासून आकारामच्या दारात लाथ खायला रांग. वस्तादांनी पेठभर सांगून ठेवलेलं, "लाथंनं बरं करतंय पोरगं, हातात सुरी आली की बघा!" अशा बापाला कसं सांगायचं, की मी बाळंतपणं करणार?

शुक्रवारी जेवताना आकारामनं धीर केला. इलाही शेजारीच पानावर होता. बिचारा आकाराम, डोंगराएवढा गडी, आवाज मात्र चिमणीचा.

"आबा, मला दवाखान्यात... नाळेचं काम आवडतंय."

आता वस्तादांचे कान कुस्तीत चेंबून चेंबून वाळल्या अंजिरागत झालेले. त्यांत 'ळ' कुठला शिरायला? त्यांना ऐकू आली नाल. तालमीत मधे मूठ कोरलेला दगड पैलवान उचलतात ना, ती नाल.

"दवाखान्यात नाल हाय?" वस्ताद खूश. "वजन किती?"

आकारामच्या डोळ्यांपुढं सकाळचं बाळ. "तीन शेर."

"तीन मण म्हण की लेका! उचलतूस?"

"उचलतो की. पण लय जपावं लागतं, आबा. मान सांभाळावी लागती."

"मान तर सांभाळायलाच पायजे! आन् हातनं सुटली तर?"

"सोडायची न्हाय, आबा! मेलो तरी न्हाय!"

"शाब्बास रं माझ्या वाघा!" वस्तादांनी त्याच्या पाठीत असा धपका घातला, की तोंडातला घास ताटात. इलाहीनं हसू दाबायला टोपी तोंडात कोंबली. खरं सांगायची हीच वेळ होती. पण बाप एवढा फुललेला बघून आकारामनं पडलेला घास उचलला आणि खऱ्यासकट गिळून टाकला.

शनिवारी दवाखान्यात लालबी नावाच्या बाळंतिणीची सुटका झाली. मुलगी. सासूनं आकारामला आत येऊ दिलं होतं, कारण तिची उसण त्याच्याच लाथेनं गेलेली. "ज्याचा पाय चांगला त्याचा हातबी चांगलाच," म्हणाली. आकाराम बाळाला दुपट्यात गुंडाळतोय, तोवर बाहेर हलगी कडाडली! इलाही धावत आला. "आकाराम्या, मेलास! तुझी नाल बघायला सारी तालीम आलीया. फेटे, गुलाल, समदं!"

एस्तेरबाईंनी नुसतं दाराकडं बोट केलं. आकाराम तसाच बाळासकट बाहेर आला. बाळाच्या मानेखालचा हात तेवढा स्थिर.

"नाल कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"नाल न्हाय, आबा! नाळ! ळ! पोराची नाळ!" आकाराम जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडला. "मला सुरी नको. मला बायकांची बाळंतपणं करायची हायती!"

हलगी थांबली. मागनं कुणीतरी फिदीफिदी हसलं, "म्हंजे वस्तादाचं पोरगं सुईण झालं व्हय?"

वस्ताद गर्रकन वळले. हसणाऱ्याचं हसू जागेवर विरलं.

"हा पायानं आला तवा कुठं हुतासा रं?" त्यांनी विचारलं. "दोन दिस ह्याची आय, धोंडुबाई, आत वरडत हुती, आन् मी भाईर भिताडाला टेकून. सारी तालीम हुती संगट. समद्यांच्या अंगात मणामणाची ताकद, आन् एकाचाबी कवडीचा उपेग न्हवता. तवा असा कुणी आत असता तर मी त्येचं पाय धरलं असतं."

आकारामच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. एस्तेरबाईही दारात चष्मा पुसत होत्या.

"बडव की रं हलगी!" वस्ताद गरजले आणि लगेच दचकले. "हळू बडव. पोरगी निजलीया."

मग फेटा सावरून ते लेकापुढं आले. ज्यांनी जन्मभर मणामणाच्या नाली हसत उचलल्या, त्यांनी तीन शेरांसाठी दोन्ही हात जपून पुढं केले.

आकारामनं बाळ अलगद त्यांच्या हातांवर ठेवलं.

"मान सांभाळा, आबा."