एक जूनला जन्मलेली माणसं

मी एक जुना स्कॅनर आहे. धाराशिवात नीरजाताईंच्या वकिली कार्यालयात राहतो. कंपन्या आपली माणसं परदेशी कामाला पाठवतात, त्यांच्या व्हिसाची कामं इथं होतात. मित्रांनो, सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर ताई रागवायच्या. माणसं विमानात बसायची, मी जागचा हलायचो नाही, तरी मला वाटायचं की त्यांना मीच पाठवतो.

मग साखर कारखान्याची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. जवळच्या ढोकी गावाकडचे काही फिटर युगांडाला जाणार होते. त्यांचे कागद आले आणि मी पुरता गोंधळलो. चेहरे वेगळे, नावं वेगळी, जन्मतारीख मात्र सगळ्यांची एक जून! पहिल्याच कागदाची सावली काचेत अडकली की काय, असं मला वाटलं. पुण्याहून कामाला नवीन आलेल्या कारकून उमाशंकरलाही तेच वाटलं. मूळ कागद ताडून पाहायचं सोडून त्यानं मला चापट्या मारल्या आणि 'म्हातारं चळलं' म्हणत कपाटावर टाकलं. पुढं मोबाइलनं कागदांचे फोटो काढले, त्यातही एक जूनच आला, तेव्हा त्याचे डोळे उघडले. मला खाली उतरवायला मात्र कुणी आलं नाही.

दूतावासालाही शंका आली. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून लिहून मोकळे होत, हे त्यांना कुठून कळणार? आईबापांनी तसं शपथेवर लिहून द्यावं, असं ठरलं. बाकीच्यांचं झालं. त्यांतल्या बलभीम नावाच्या फिटरच्या आई, मथुराबाई, तेवढ्या अडून बसल्या. त्यांचा अंगठा मिळाला नसता तर बलभीमची नोकरी गेलीच असती.

"गुरुजींनी लिवलं ते खोटं म्हणू? त्यांच्यामुळं पोरगं साळंत बसलं."

गुरुजींना कुणी नावं ठेवत नाही, घरी तारीख माहीत नव्हती एवढंच लिहायचं, असं ताईंनी समजावलं. त्यावर तर बाई आणखीच दुखावल्या.

"म्हाईत न्हाय कसं? पौषातल्या पुनवेला झालाय. उसाचं गाळप चालू व्हतं. कारखान्याचा भोंगा वाजला अन् ह्यो रडला."

बलभीम आईकडं वळला. "आये, मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

ताईंनी मजकूर बदलला, जे खरं तेच लिहिलं: जन्म पौष पौर्णिमेचा, इंग्रजी तारीख ठाऊक नसल्यानं शाळेत एक जून लागला. मथुराबाईंनी अंगठा दिला आणि बलभीम युगांडाला गेला.

पौषातल्या पुनवेला मथुराबाई पुन्हा आल्या, तिळाचे लाडू घेऊन. मुलाचा खरा वाढदिवस ठाऊक असलेली माणसं गावात नव्हती, इथंच होती. ताईंनी बलभीमला फोन लावून दिला, पण तिकडं तो कुणी उचलला नाही.

मी कपाटावरून सगळं पाहत होतो. अजूनही मला उमगत नाही की दूतावासानं विचारलेली गोष्ट घरात कुणीच कशी विचारली नव्हती. मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काच पुसत जा, उगाच चापट्या मारू नका. आणि आज आईजवळ बसाल तेव्हा तिला विचारा, तुम्ही जन्मलात तो दिवस कसा होता.