आन्सेल्मोच्या सुंदांगाची लांबी

मी एक जुना सुंदांग आहे, मित्रांनो. तुमच्याकडच्या कोयत्याचा चुलतभाऊ समजा. फक्त अंगाने सरळ आणि स्वभावाने जरा गर्विष्ठ. बाहेरून येणारे पाहुणे मला तलवार म्हणतात. मी त्यांची चूक सुधारत नाही.

सेबू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका लोहाराच्या भात्यापुढे माझा जन्म झाला. त्याआधी मी युद्धानंतर मागे राहिलेल्या एका लष्करी जीपचा कमानपाटा होतो. धक्के खाऊन गप्प बसायची सवय मला तिथेच लागली. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाणी पाजलं आणि म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. माझा मालक आन्सेल्मो माडी काढायचा. त्याने काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत आपला हात मोजून दिला आणि मी बरोबर तेवढा झालो. बदल्यात लोहाराला झुंजीचे दोन कोंबडे मिळाले. त्यातला एक झुंजत नाही, हे त्याला नंतर कळलं.

आन्सेल्मो सकाळी माडावर चढायचा आणि संध्याकाळी अंगणात एस्क्रिमाचे, म्हणजे पात्याचे हात शिकवायचा. शिकणारे वेताचे सोटे घेत. मी फक्त त्याच्या आणि त्याच्या मोठ्या मुलाच्या, तेओपिस्तोच्या हातात असायचो. तेओपिस्तो लांबून लढायला शिकला. समोरच्याच्या अंगाकडे बघायचंच नाही. त्याचा हत्याराचा हात पुढे आला की मनगटावर वार करायचा आणि तिरकं पाऊल टाकून निघून जायचं. डावा हात छातीशी. पात्याच्या लढाईत डाव्या हाताने नाक खुपसलं, तर घरी जाताना बोटं मोजावी लागतात.

विसाव्या वर्षी तेओपिस्तो बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलो.

पुढच्या वर्षी एका ओहोटीला आन्सेल्मोची मुलगी बासिलिसा मैत्रिणींबरोबर शिंपले वेचायला निघाली. वय पंधरा. सगळ्या पोरी घरातल्या सुऱ्या घेऊन येतात, म्हणून हिने बापाचं लढाईचं पातं काढलं. खडकाला चिकटलेला एक मोठा शिंपला हलेना. तिने माझं टोक त्याच्याखाली घातलं आणि मुठीवर भार दिला. शिंपला होता तिथेच राहिला. मी मात्र चार बोटं तुटलो.

तिने मला गुपचूप खिळ्यावर परत टांगलं. टोक कुठे गेलं, हे मला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आन्सेल्मोने मला खाली काढलं, पाहिलं, उन्हात धरून पुन्हा पाहिलं. चूल फुंकणाऱ्या मुलीच्या पाठीकडेही पाहिलं. मग दगड घेऊन बसला आणि तीन दिवस घासून त्याने मला नवीन टोक काढलं. बोलला काहीच नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला बासिलिसाच्या वतीने वाटलं.

त्याच पावसाळ्यात धाकट्या रुपेर्तोची शिकवणी सुरू झाली. लांबून मी आता पोचत नव्हतो. म्हणून आन्सेल्मो एक पाऊल आत सरकला. आत सरकल्यावर समोरच्याचं पातं अंगावर येतं, म्हणून डावा हात कामाला लागला: त्याची कोपराखालची बाजू दाबायची, बाजूला सारायची आणि आखूड, मनगटातल्या मनगटात वार करायचा. रुपेर्तोला वाटलं, एस्क्रिमा म्हणजे हेच. त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

चौदा वर्षांनी तेओपिस्तो परत आला, तेव्हा आन्सेल्मोला पुरून आठ महिने झाले होते. धाकट्याचे हात त्याने अंगणात उभं राहून पाहिले आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"तातयने. दुसरं कोण शिकवणार?" आमच्याकडे बापाला तातय म्हणतात आणि थोरल्या भावाला मानोय.

"तातय असं शिकवणार नाही. हा डावा हात बघ तुझा, लग्नातल्या आत्येसारखा सगळीकडे पुढे."

"आणि मानोय, तू इतक्या लांब उभा राहतोस की वार करायच्या आधी समोरच्याला पत्र टाकावं लागेल."

तिथून अबोला सुरू झाला तो तेरा वर्षं. गावात दोन अंगणं झाली. तेओपिस्तोने आठवणीतल्या मापाचं नवं लांब पातं करून घेतलं. मी रुपेर्तोकडे राहिलो. मी आखूड झालोय हे थोरल्याला कधी जाणवलंच नाही. लहानपणच्या वस्तू मोठेपणी लहान दिसतात, अशी त्याने समजूत करून घेतली असावी. मनात मात्र एक गाठ बसली होती. बापाने खरी विद्या आपण गेल्यावर घरी राहिलेल्याला दिली. रुपेर्तोच्या मनात नेमकी उलटी गाठ होती: खरी विद्या लाडक्या थोरल्याबरोबर बोटीवर गेली, आपल्याला उरलंसुरलं मिळालं. लोकांसमोर दोघेही छाती काढून सांगत, खरी पद्धत माझीच.

मला विचाराल, तर मला दोन्ही हात ओळखीचे वाटत. एकाच बापाने दोन मुलांना दोन गोष्टी का शिकवल्या असतील, याचं मला फार कुतूहल होतं. उत्तर माझ्याच अंगावर होतं. पण पात्याला स्वतःची लांबी दिसत नाही.

मग गावची जत्रा आली. रंगमंचावर आन्सेल्मोची पद्धत दाखवायला पंधरा मिनिटं मिळाली, आणि ती कुणी दाखवायची यावर दोघे गावच्या प्रमुखासमोर पहिल्यांदा बोलले. तेओपिस्तो म्हणाला, "सोटे नकोत. सोटा पकडला तरी हात शाबूत राहतो, म्हणून याचं फावतं. खरी पाती घेऊ."

"घेऊ," रुपेर्तो म्हणाला.

रविवारी, जत्रेच्याच सकाळी, प्रार्थना आटोपली की खोबरं वाळवायच्या अंगणात भेटायचं ठरलं. आदल्या दिवशी रुपेर्तोने मला धार लावली. ती धार नारळ फोडायची नव्हती. खरं सांगतो मित्रांनो, मला उत्सुकता होती, आणि त्या उत्सुकतेची लाजही वाटत होती.

रविवारी दोघे समोरासमोर उभे राहिले. पन्नाशीला टेकलेला एक, चाळिशीला टेकलेला दुसरा. दोघांच्या चपला कडेला नीट जोडून ठेवलेल्या. तेओपिस्तोचं पातं माझ्यापेक्षा चार बोटं आणि वर थोडं लांब. एवढ्यात बासिलिसा आली. बाजारात ती माडाच्या झावळ्यांत शिजवलेल्या भाताच्या पुरचुंड्या विकायची. त्यांची माळ तिच्या खांद्यावर तशीच होती.

"दाय, बाजूला हो," तेओपिस्तो धाकट्या बहिणीला म्हणाला.

"होते. आधी हे बघा. मग कापा एकमेकांना, मयताच्या जेवणाला भात आहेच उरलेला."

तिने रुमाल सोडला. आत गंजलेलं, तिकोनी, चार बोटांचं लोखंड होतं. सव्वीस वर्षांनी मला माझं टोक भेटलं. घरातल्या देव्हाऱ्यात सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीमागे ते लपलेलं होतं, म्हणजे सगळं घर रोज त्याच्यापुढे गुडघे टेकत होतं.

"मी मोडला हा सुंदांग," ती म्हणाली. "मानोय, तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी. शिंपला काढताना. तातयला कळलं होतं. तो काही बोलला नाही, म्हणून मीही नाही बोलले. मग तुम्ही भांडायला लागलात. आता सांगितलं तर दोघं मलाच धराल, असं वाटायचं."

तिने मला धाकट्याच्या हातातून काढून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि टोक जोडलं. मधे आन्सेल्मोने घासलेलं थोडं अंतर राहिलं. शेजारी तिने थोरल्याचं पातं ठेवायला लावलं. अंतर धरून दोन्ही सारखी भरली.

रुपेर्तो मोठ्या बहिणीला म्हणाला, "म्हणजे मानाय, मला तुटक्याचं शिकवलं तातयने."

"हातात होतं त्याचं शिकवलं. दोघांनाही."

"तेरा वर्षं लागली तुला हे सांगायला?"

"तुम्हाला तेरा वर्षांत एकदाही दोन पाती शेजारी ठेवावीशी वाटली का?"

तेओपिस्तोने वाकून मला उचललं. सत्तावीस वर्षांनी त्याची मूठ माझ्यावर बसली. त्याने सवयीने लांबून वार काढला आणि मी हवेत आखूड पडलो. त्याने पुन्हा काढला. मी पुन्हा आखूड पडलो. मग त्याने हात खाली सोडला आणि आवाज जरा खाली आणून धाकट्याला विचारलं, "दोंग, तातय कुठे उभा राहायचा?"

रुपेर्तोने टाचेने मातीत रेघ ओढली. एक पाऊल आत. तेओपिस्तो तिथे जाऊन उभा राहिला.

"डावा हात?"

"असा. घट्ट नाही धरायचा, नुसता ठेवायचा."

"आणि मग?"

रुपेर्तोने दाखवलं. तेओपिस्तो दर हाताला "आणि मग?" विचारत राहिला. बाप पुढच्या वर्षी काय म्हणायचा, गुडघा दुखायला लागल्यावर कसा वळायचा, चुकलं की हसायचा का. चौदा वर्षं बोटीवर राहिलेला माणूस बापाची चौदा वर्षं मागून घेत होता. मधेच रुपेर्तोने थोरल्याचं लांब पातं उचललं, सवयीने आत घुसला आणि स्वतःच्याच कोपरात अडकला. बासिलिसा कट्ट्यावर बसून पुरचुंडी सोडून भात खात होती. जत्रेतली ती पंधरा मिनिटं शेजारच्या गावच्या नाचणाऱ्या मुलींना गेली, कारण दोघे भाऊ पोचलेच नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं पातं असेल, तर काम झाल्यावर पुसा, खोबरेल लावा आणि त्याच्या टोकाने काही उचकटू नका. त्यासाठी पहार असते. मोडलंच, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला तशी सबब नाही.

आता दोघे भाऊ मला आळीपाळीने दगडावर घासतात, आणि दर वेळी मी केसभर कमी होतो. उद्या जो मला हातात घेईल, त्याला आजच्यापेक्षा थोडं आणखी जवळ जावं लागेल. शिकवताना तेवढं त्याला सांगा. नाहीतर तो समजेल, विद्या पहिल्यापासून अशीच होती.