कसरीने खाल्लेली जागा

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे, मित्रांनो. उल्हासनगरच्या एका दुकानात मला ठोकून घडवले. माझ्या बहिणींमध्ये लग्नाच्या साड्या गेल्या. मी मात्र अंबरनाथ पश्चिमेला चिंतामणी मास्तरांच्या खाटेखाली आले आणि माझ्या पोटात आली इटालियन ऑपेरांची स्वरलिपी. ऑपेरा म्हणजे संवादसुद्धा गाऊन सादर करायचे नाटक. मास्तर तरुणपणी मुंबईत क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या इटालियन गुरूंनी मायदेशी परतताना हे कागद त्यांना सोपवले होते. त्यांतले एक निरोपगीत गुरूंनी स्वतः रचलेले होते. त्याची दुसरी प्रत जगात नव्हती.

१९९१च्या उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीने, अंजनीने, त्या गीताची फाटकी पाने मैद्याच्या खळीने चिकटवली. हेतू चांगलाच होता. पण पावसाळ्यात त्या पिठाला कसर लागली आणि पिठाबरोबर कागदही गेला. दिवाळीत झाकण उघडले, तेव्हा निरोपगीताची चाळणी झाली होती. अंजनीला रडू फुटले.

"किड्यांना इटालियन भलतंच आवडलेलं दिसतंय," मास्तर म्हणाले. "रडू नकोस अंजे. पेन्सिल आण."

"मला कुठे येतं हे लिहायला, आबा?"

"स्वेटरचे टाके मोजतेस ना? मग सूर मांडायच्या या पाच रेषाही मोज."

मास्तरांना धाप लागे. तरी रोज दुपारी ते कागदाच्या एकेका भोकात गेलेले सूर आठवून क्लॅरिनेटवर वाजवत आणि अंजनी लिहून घेई. त्यांचा दम संपण्याआधी गीत पुरे व्हायला हवे, हे दोघांनाही कळत होते. एक जागा मात्र काही केल्या आठवेना.

"तुम्हीच काहीतरी छानसं घाला की," अंजनी म्हणाली.

"घातलं तर ते माझं होईल, गुरूंचं नाही. मोकळी सोड."

तिने ती मोकळी सोडली. या वेळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून पाने चिकटवली.

मास्तर गेले, तेव्हा विठ्ठलवाडीच्या लग्नाच्या बँडमधले त्यांचे शिष्य दाराशी ते गीत वाजवू लागले. मोकळी जागा आली. ट्रम्पेटवाल्याने सवयीने गाल फुगवले, पण अंजनीने हात वर केला. सगळे थांबले, त्या जागेपुरतेच. तिने हात खाली आणला आणि गीत पुढे गेले.

मित्रांनो, माझा पत्रा आता गंजला आहे, पण कडी घट्ट बसते. जुना कागद चिकटवायचा असेल, तर खळीत मोरचूद मोठ्यांकडून घालून घ्या. ते विषारी असते. आणि जे हरवले, ते मनाने भरू नका. ती जागा अजून माझ्याजवळ आहे. मोकळी आणि कोरडी.