पन्नास माणसांची हळद

"आज पन जवलाच."

सासूबाई ताटाकडे बघून पुटपुटल्या. मी शेजारीच मांडी घालून बसलेली, ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

"जवल्यानं ताकद येते, आये," मी म्हटलं.

"मंग सा म्हयन्यात मी पैलवान झाली असती."

सहा महिने आमची गाडी दारात उभी होती. द्रोणागिरीच्या एका गोदामातल्या कामगारांची ने-आण आमचे हे त्याच गाडीतून करायचे. टाळेबंदी आली, कंत्राट गेलं. घरात पापलेटाच्या जागी जवळा आला, दुधाच्या दोन पिशव्यांची एक झाली. चहा मात्र तेवढाच लागायचा, म्हणून पाणी वाढलं. पण खरं कारण कुणी बोलायचं नाही. मासे का नाहीत, तर बाजार बंद. केबल का काढली, तर तेच तेच दाखवतात. आणि लेकीच्या, कोमलच्या हळदीचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "पन्नास मानसांची अट हाय ना."

आमच्यात लग्न एक वेळ साधं चालेल, हळदीला गाव जेवलं पाहिजे. त्या अटीवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

अट उठली, आणि दुसऱ्या दिवशी नणंद रंभाताई हजर.

"दादा, आता गाव बोलवाचा. बोकड किती सांगू?"

हे ओटीवरून गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार सांग. गाडीला गिऱ्हाईक आलाय. तशी पन जुनी झाली ती."

तीन वर्षांची गाडी. एका रात्रीच्या रश्श्यासाठी पुढची सगळी वर्षं विकायला निघाला होता माझा नवरा, आणि वर तोंड हसरं. कोमल खाली मान घालून नखं बघत होती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी उठले. खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि कमरेला खोचली.

"गाडी जायाची नाय," मी म्हटलं. "परवा कळंबोलीच्या लोखंडवाल्यानं मानसं न्यायाला इचारलंय, तिकडं लागंल ती."

"आन हळद?" रंभाताईंनी विचारलं. "गावाला काय सांगाचा वयनी? आता तं अट पन नाय."

शेजारच्या ओटीवर भांडी घासायचा आवाज थांबला. थांबू दे. मी मुद्दाम जरा मोठ्यानेच बोलले.

"सांगा, हळद पन्नास मानसांचीच हाय. अट नाय ताय, आमच्याकडं पैसं नायत."