गोदावरीच्या वहीतली शेवटची ओळ

मित्रांनो, जवळ या. पण गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. मी एक जुनी वही आहे आणि माझ्या पानांत साठ वर्षांचा राग आहे.

मला पवनीच्या बाजारातून गोदावरीबाईने आणलं. ती चौथी शिकलेली. चुलीवर पेज शिजेपर्यंत ती माझ्यात दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळाची, गाणी लिहायची. गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत, म्हणून तिचं प्रत्येक गाणं 'म्हणे गोदावरी' असं संपायचं. पण बाईने दंडारीत उभं राहणं गावाला मंजूर नव्हतं. तिची गाणी दीर टिकाराम गायचा आणि टाळ्याही तोच घ्यायचा. एक दिवस त्याने पानोपानी तिचं नाव खोडून आपलं लिहिलं. ती निळी शाई मला अजून झोंबते.

गोदावरी गेली. मी धानाच्या कोठीमागे पडले. उंदरांनी माझा कोपरा खाल्ला, पण खाऊन त्यावर आपलं नाव तरी नाही टाकलं.

यंदा तिच्या नातसुनेच्या, मेघाच्या, चिमुरड्या डिंपलने मला ओढून तोंडात घातलं. "थुक! उंदराचं असन ते!" मेघा किंचाळली. पोरीचे हात तीनदा धुतले, मगच मला उघडलं. शेवटची दोन पानं पेज सांडून चिकटली होती. तिने ती भाताच्या वाफेवर धरून अलगद सोडवली. टिकारामची शाई तिथे पोचलीच नव्हती. 'म्हणे गोदावरी.'

टिकारामचा मुलगा खुशाल तेव्हा बापाच्या नावाने त्याच गाण्यांचं पुस्तक छापत होता. मेघाने मला त्याच्यापुढे ठेवलं.

"काहून वो सूनबाई, मेलेल्या बुढीले आता नाव पाह्यजे का? चुलीत टाक ते!"

"टाकू ना, काकाजी. आधी वाचा तर खरं."

"चष्मा नाही मायाजवळ."

"मग मंडईच्या जत्रेतच वाचून दाखवते."

पुस्तक आलं. त्यात गोदावरी कुठेच नव्हती. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार उभी राहिली आणि नेमकं माझ्या शेवटच्या पानांवरचंच गाणं निघालं. शेवटची ओळ तीनदा म्हणतात. पहिल्यांदा गडी गायले, 'म्हणे टिकाराम'. दुसऱ्यांदा बायांच्या बाजूने एकटीचा आवाज चढला, 'म्हणे गोदावरी'. डिंपल कडेवर, मी काखेत. मेघा गड्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बसवा तिले खाली!" खुशाल ओरडला.

तशी म्हातारी सुमनबाई उठली. "तूच बस, खुशाल! धानाच्या रोवण्यात आमच्या मायबाया असंच म्हणत. कोणी इचारलं नाही, म्हणून आमी गप होतो."

तिसऱ्यांदा ढोलकी थांबली होती. बायांची अख्खी बाजू गायली.

खुशाल अजून माझ्यावर टपून आहे. मेघा मला डिंपलच्या उशीखाली ठेवते. मित्रांनो, मला कव्हर घालू नका, हळद-कुंकू वाहू नका. आपापल्या कोठीमागे हात घाला. खोडलेलं नाव सापडलं, तर मोठ्याने वाचा. आणि कोणी बसायला सांगितलं, तर उभेच राहा.