नणंदेची ओळ आणि बाकीची पानं

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. एका प्रसूतिगृहातल्या कपाटावर पडून असते. माझा पुठ्ठा सुटला आहे.

नवी होते तेव्हा मोठ्या सिस्टरांनी पट्टीने माझ्यावर रकाने आखले: कितवा महिना, फ्लूची लस घेतली की नाही, पुढे काय झालं. जी बाई पुन्हा आली नाही, तिला त्या स्वतः फोन करत. डॉक्टरीणबाई माझं फार कौतुक करायच्या.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. तिला पाचवा महिना होता. सोबत नणंद होती.

"वहिनीला लस नको," नणंद म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मी इथंच घेतली आणि चौथ्या दिवशी माझं बाळ पोटातच गेलं."

सिस्टरांनी वाद घातला नाही. खुर्ची पुढे केली आणि मला उघडलं.

"या लस घेतलेल्या, या न घेतलेल्या. तितकेच महिने भरलेल्यांशीच तुलना करायची, नाहीतर फसगत होते. बाळं दोन्हीकडे गेली आहेत, शंभरात जवळपास सारखीच. माझी वही लहान आहे. पण कितीतरी दवाखान्यांच्या हजारो नोंदी एकत्र केल्या, तिथंही हेच दिसलं. फ्लू झाला तर मात्र गरोदर बाईला जास्त जड जातो."

"मग माझं का गेलं?"

"ते ही वही सांगू शकत नाही, ताई. पण लसीनं गेलं असं म्हणायला हिच्यात आधार नाही."

नणंदेला स्वतःची नोंद बघायची होती. सिस्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. नणंदेनं ती वाचली, मग वरच्या-खालच्या ओळीही वाचल्या.

"मला वाटायचं, मीच घात केला," ती हळूच म्हणाली. मग भावजयीकडे वळली. "घे तू, वहिनी."

"तुम्ही जवळ बसा, वन्सं."

चार महिन्यांनी माझ्यावर लिहिलं गेलं: मुलगी, दोघी सुखरूप.

पुढे संगणक आला. माझ्यातलं सगळं त्यात उतरवलं आणि मला वर ठेवून दिलं. कुणी धूळही झटकत नाही, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणाच्या नोंदी ठेवाल, तेव्हा जिचं काही हरपलं तिचीही ओळ नीट अक्षरात लिहा. आणि वाचायला बसाल तेव्हा तेवढ्या एका ओळीवर थांबू नका. बाकीची पानंही उलटा.