तीन मुकी बोटं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खापरावर मांडे करताना मथुराच्या हाताला भाजलं, आणि ते तिला सोडून सगळ्यांना कळलं. आता बघा, मांडा म्हणजे काय खेळ नव्हे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. मथुरा त्यात वस्ताद. पण त्या दिवशी पोळी हातातच फाटली आणि तिची बोटं खापराला टेकली ती टेकलीच. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा ती इकडेतिकडे बघायला लागली, कुणाचं काय जळतंय म्हणून.

"मथुरा! तुना हात!" सासू ओरडली.

मथुराने हात उचलला. पहिल्या दोन बोटांना टरारून फोड आले होते. सासूने त्या फोडांकडे पाहिलं, मग मथुराच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता खापरापुढे स्वतः जाऊन बसली. सासू बोलली असती तर बरं झालं असतं. भिकुबाई ही बाई ओरडायची तेव्हा घर निवांत असायचं. ती गप्प झाली की गोठ्यातला गडीसुद्धा तिच्या वाटेला जायचा नाही.

मथुराला सातवा महिना होता. गेला महिनाभर तिच्या हातांचं असंच चाललं होतं. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं, एवढी तीन बोटं बधिर. मुंग्या यायच्या, मनगटातून कळ निघून खांद्यापर्यंत जायची, झोपेतून उठून हात झटकत बसावं लागायचं. सकाळी दोरा ओवता यायचा नाही, चोळीचं बटण लागायचं नाही. नरडाण्याच्या दवाखान्यातल्या नर्सला तिने गुपचूप विचारलं होतं. नर्स म्हणाली, "अंगावर पाणी चढलंय बाई तुझ्या. मनगटात शीर दबते. पुष्कळ जणींना होतं. पट्टी बांधून झोपत जा. बाळंत झाल्यावर जाईल, कुणाचं लगेच, कुणाचं दोन-चार महिन्यांनी." किती साधी गोष्ट! पण ही साधी गोष्ट घरात सांगायची कशी?

कारण त्या घरात बधिर बोटांना एकच नाव होतं. रगतपिती, म्हणजे महारोग.

मथुराच्या आधी या घरात थोरली सून होती, सरूबाई. मोठ्या दिराची, उखर्डूची, पहिली बायको. तिची बोटं अशीच मुकी झाली होती म्हणे. लेक झाली, सव्वा महिना सरला आणि भिकुबाईने तिला बैलगाडीत घालून अमळनेरच्या अलीकडे तिच्या बापाच्या घरी पोचती केली. तान्ही पोर ठेवून घेतली. ती बेबी आता पाच वर्षांची झाली होती आणि आजीच्या कुशीत झोपत होती. सरूबाईचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. उखर्डूने दुसरी केली, ती कमलबाई. मथुराने सरूबाईला कधी पाहिलंही नव्हतं, पण आखाजीनंतर डोळे मिटले की तीच दिसायची, रिकामी मांडी घेऊन गाडीत बसलेली.

माझंही पोर घेतील. एवढं एकच मथुराच्या डोक्यात घुमत राहिलं. जाणार तरी कुठे होती ती? माहेरी आई नाही, बाप आणि दोन भाऊ, म्हणून तर बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. नवरा, सुपडू, अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत. आठवड्याला एकदा यायचा, आईपुढे मान खाली घालून जेवायचा आणि जायचा. त्याच्याकडून काय आशा धरायची!

मग मथुराने सोंग घ्यायला सुरुवात केली. जीव मुठीत धरून. तव्याच्या जवळ बोट गेलं की आधीच "हाय हाय" करायची. सुई टोचली नसली तरी बोट तोंडात घालायची. भांडी हातातून निसटायची, म्हणून ती छातीशी कवटाळून न्यायची. पट्टी बांधलेला हात दिवसा पदराखाली. आणि गरम-गार बघायचं असलं की करंगळी. करंगळी तिची शाबूत होती! दुधाला करंगळी, पाण्याला करंगळी, आमटीला करंगळी. कुणाचं लक्ष जात नाही असं तिला वाटत होतं. वेडी बिचारी.

आषाढात मुलगा झाला. घुगऱ्या वाटल्या, सुपडू पेढे घेऊन आला, भिकुबाईने नातवाची दृष्ट काढली. मथुराला वाटलं, सुटले. आता सूज उतरेल, हात मोकळे होतील. सूज उतरलीही. बोटं मात्र मुकीच राहिली. बाळाला पाजायला घेतलं की त्याच्या मानेखाली आपला हात आहे की नाही हे बघून खात्री करावी लागायची. बाळाचे गाल मऊ आहेत असं सगळे म्हणायचे; तिने ओठ लावून बघितले तेव्हा तिला ते कळलं. त्या दिवशी ती रडली, पण पदर तोंडात कोंबून.

आणि सासू बघत होती. डोळ्यांत तेल घालून बघत होती. मथुरा पाणी तांब्यात घेई, सासूची मान वळे. मथुरा दूध तोंडाशी नेण्याआधी करंगळी बुडवी, सासूचं वाती वळणं थांबे.

महिना भरत आला तेव्हा एका सकाळी सुईणीचा निरोप आला, तिला ताप भरलाय, आज यायची नाही. "येवो न येवो," भिकुबाई म्हणाली, "मी न्हाऊ घालते." न्हाणीत पाटावर पाय पसरून बसली, बाळाला नडग्यांवर पालथं घातलं, तेल चोळलं. बाळ तेलाने कसं माशासारखं चकचकीत, निसटतं झालं होतं. मथुरा शेजारी उकिडवी बसली. तिच्यापुढे पाण्याचं घंगाळ. त्यात विसणाचं गार पाणी कुणी घातलं होतं की नव्हतं, तिला माहीत नव्हतं. पावसाळी हवेत वाफ तर सगळ्याच पाण्यातून निघत होती.

मथुराने तांब्या भरला. एरवी पितळ तळव्याला तापलेलं लागलं असतं, पण सासूने तांब्याला आधीच फडकं गुंडाळून ठेवलं होतं. ते मथुराने पाहिलं. तिने सवयीने करंगळी पुढे केली.

"करंगळी नको," सासू हळूच म्हणाली. "ही तीन बोटं घाल."

मथुराने वर पाहिलं. सासूचे डोळे तिच्या हातावर होते. बाहेर अंगणात उखर्डू बैलांना गाडीला जुंपत होता. जोखडाचा आवाज येत होता. आज गाडी कुठे जाणार आहे हे सकाळपासून कुणी बोललं नव्हतं.

तिने तीन बोटं पाण्यात घातली. काही नाही. पाणी आहे की नाही तेही नाही. आता? ओरडावं? पाणी कोमट असलं आणि आपण ओरडलो तर पकडले गेलो. गप्प बसावं? पाणी कढत असलं आणि आपण गप्प बसलो तर पकडले गेलो. निम्मं खरं, निम्मं खोटं. इतके दिवस ती अशीच अंदाजाने ओरडत आली होती आणि निभत आलं होतं. आजही निभलं असतं, कुणी सांगावं!

पण आज तांब्याखाली लेकरू होतं.

"घाल पानी," सासू म्हणाली.

मथुराने तांब्या खाली ठेवला. "आत्याबाई," ती म्हणाली, "माले समजत नही. ऊन शे का थंडं शे, माले काहीच समजत नही."

सासूने तिचं मनगट धरून हात वर उचलला. तिन्ही बोटं लालबुंद झाली होती. विसणाचा एक थेंब त्या पाण्यात नव्हता.

मथुरा भडाभडा बोलायला लागली. नर्स, शीर, सूज, पट्टी, सगळं. "हा तो रोग नही, आत्याबाई! बाळंतपणनी सूज शे. बरं व्हई जाई, नर्सबाईनी सांगं. धुळाले लई चला माले, मोठा डॉक्टरले दखाडा. पन पोऱ्याले घेऊ नका. पाया पडस तुमना!"

भिकुबाई बाळाच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला राग आला नव्हता, हे सगळ्यात भयंकर होतं.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "सरूबी अशीच करे. करंगळी."

"मग तिलेबी..."

"तिना हात बरा व्हई ग्यात. चार महिनामा. बापना घर भाकरी थापस ती, कापूस येचस. बाजारमा माले तिनी भावजय भेटनी व्हती."

मथुराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुमले ठाऊक व्हतं? मग तिले परत का नही आनी?"

"तवपर्यंत कमल घरमा येल व्हती." भिकुबाईने पहिल्यांदा डोळे वर केले. ते डोळे एका थकलेल्या, भेदरलेल्या म्हातारीचे होते. "आते तू आठे राहीसन बरी व्हयनी, ते गाव काय म्हनी? उखर्डू काय म्हनी? सरू बरी व्हयनी हाई त्याले मी आजवर सांगेल नही. तू जाय, पोरी. पोऱ्या आठेच राही."

मथुराने बाळ उचललं. सासूच्या नडग्यांवरून, तेलाने निसटतं, तसंच. बोटांचा काही भरवसा नव्हता, म्हणून तिने दोन्ही कोपरांत त्याला घट्ट धरलं. सासू झटापट करायला पुढे झाली आणि थबकली; ओढलं तर पोर फरशीवर पडेल हे तिलाही दिसत होतं. मथुराने दातांनी पदर ओढला, बाळाभोवती दोनदा गुंडाळला, टोक दातांतच धरून गाठ मारली. मग तशीच, ओल्या पायांनी, अंगणात आली.

उखर्डू गाडीजवळ उभा होता. आजवर ती या दिरासमोर कधी तोंड उघडून बोलली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "माले माहेरले नको. सरूबाईना गावले लई चला."

"उखर्डू, आडाव तिले!" मागून सासू ओरडली. "ऐकू नको तिनं!"

न्हाणीची भिंत कुडाची होती आणि अंगण चार पावलांवर. उखर्डूचा चेहरा असा पांढरा पडला होता की मथुराने बाळाला आणखी आवळलं. बैलाच्या मानेवरचा हात काढून तो दाराकडे, आईकडे वळला.

"चार महिनामा?" त्याने विचारलं.

भिकुबाईने दाराची चौकट धरली. स्वयंपाकघरात कमलबाई भाकरी थापत होती, त्याचा आवाज मघापासून येत होता. तो आवाज थांबला.